उजव्या बाजूचं स्तनाचं ऑपरेशन झालेल्या आईला यंदा गरबा खेळू द्यावा का?

प्रश्नातली माहिती आधी एकत्र करते. आई 54 वर्षांची, घर वडोदऱ्यात मांजलपूरला. केमो आधी झाली, एप्रिलमध्ये उजवा स्तन आणि काखेतल्या लिम्फच्या 14 गाठी काढल्या, जुलैच्या सुरुवातीला रेडिएशन संपलं, आता लेट्रोझोल ही हार्मोन रोखणारी गोळी चालू आहे. नवरात्राला सहा आठवडे उरलेत आणि आई म्हणते, मी खेळणार. मावशी म्हणतात, त्या हाताने जन्मभर दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही, डिस्चार्जच्या कागदावर लिहिलंय, हात सुजेल.

खेळू द्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. बाकीचं लिहिते आहे ते त्या कागदावरच्या ओळीमुळे. फिजिओथेरपीच्या टेबलावर या ओळीची फळं रोज बघावी लागतात.

ओळ साधारण अशी असते: 'ऑपरेशन झालेल्या हाताने वजन उचलू नये.' किती वजन, किती दिवस, काही नाही. जागा मोकळी सोडली की घरचे तिथे आपापली भीती लिहितात. मग होतं ते असं. बाई घरी येते, हात पोटाशी धरून बसते. ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) निघतो, टाके निघतात, हात पोटाशीच. दुखत नाही म्हणून सगळे खूश. सहा आठवड्यांनी रेडिएशनचं प्लॅनिंग करायला टेबलावर झोपवतात आणि सांगतात, हात डोक्यावर घ्या. हात खांद्याच्या वर जात नाही. किरण छातीच्या दोन्ही बाजूंनी तिरके येतात, हात खाली असला तर तो त्यांच्या वाटेत येतो, म्हणून हात वर, कोपर बाहेर, आणि रोज अगदी त्याच जागी ठेवावा लागतो. ते जमेना म्हणून प्लॅनिंग पुढे ढकलायचं आणि घाईघाईने आमच्याकडे पाठवायचं. आखडलेला खांदा आठ दिवसांत मोकळा होत नाही. जो हात सुजू नये म्हणून जपला, त्याच्यापायी उपचाराला उशीर. तुमच्या आईचं रेडिएशन वेळेवर झालं, म्हणजे हा टप्पा त्यांनी पार केलाय. पण ज्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय अशाही बायका हे वाचतील, म्हणून क्रम सांगते.

ड्रेन असेपर्यंत मूठ उघडणं-मिटणं, कोपर वाकवणं, खांदे गोल फिरवणं, खोल श्वास. कोपर खांद्याच्या रेषेवर न्यायचं नाही. इथे 'जपा' बरोबर आहे, कारण पहिल्या आठवड्यात हात पूर्ण वर ताणला तर कातडीखाली पाणी जास्त साठतं. दिवसाला 30 मिलीच्या आत आलं की बहुतेक ठिकाणी ड्रेन काढतात. त्यानंतर जपणं थांबवायचं.

मग भिंत. तोंड भिंतीकडे, बोटं चालवत वर, जिथे ओढ बसेल तिथे पाच ते दहा सेकंद थांबा, पेन्सिलने खूण करा. पाच-सात वेळा, दिवसातून दोन-तीनदा. नंतर तेच भिंतीला बाजू करून. खूण रोज वर सरकते आणि बाई आनंदते, पण आरशात बघा: खांदा कानाकडे चढलाय का, कंबर एका बाजूला झुकलीय का? तसं असेल तर वर गेलं ते अंग, हात नाही. खूण खोडा आणि खालून सुरू करा. दुसरा व्यायाम उताणं झोपून, गुडघे उभे: दोन्ही हातांत काठी धरून चांगल्या हाताने दुसऱ्याला डोक्यावर न्यायचं. तिसरा, हात मानेखाली आणि कोपरं हळूहळू गादीकडे. ओढ जाणवली पाहिजे, कळ येता कामा नये.

याच सुमारास काही जणींच्या काखेतून कोपरापर्यंत, कधी मनगटापर्यंत, कातडीखाली ताणलेली दोरी दिसते. बाई घाबरते आणि हात पुन्हा पोटाशी जातो. गाठी काढल्यावर लिम्फच्या, म्हणजे अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या, नळ्या कडक होऊन ती होते. तिच्यात धोका काही नाही. हात बाजूला पसरून, तळवा वर, मनगट मागे वाकवून हळू ताणत राहिलं की बहुतेकींची तीनेक महिन्यांत विरते. ताणताना क्वचित 'टक' असा आवाज होऊन ती सुटते, त्याने बिघडत काही नाही.

आता वजन. 'हात वापरला की सुजतो' हे पूर्वी सगळेच मानायचे. 1996 मध्ये कॅनडात व्हँकूवरला डॉन मॅकेन्झी नावाच्या क्रीडावैद्यक डॉक्टरांनी ऑपरेशन झालेल्या 24 बायकांना ड्रॅगन बोटीत बसवून वल्ही मारायला लावली. वल्हवणं म्हणजे हाताचं, दमवणारं, पुन्हा पुन्हा तेच काम. कुणाचाच हात नव्याने सुजला नाही. मग अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कॅथरीन श्मिट्झ यांनी पद्धतशीर चाचणी घेतली. 2009 साली निष्कर्ष आला: ज्या 141 बायकांचे हात आधीच सुजलेले होते, त्यांच्यात वर्षभर आठवड्यातून दोनदा वजन उचलणाऱ्यांपैकी 14 टक्क्यांची सूज बळावली, न उचलणाऱ्यांपैकी 29 टक्क्यांची. 2010 साली हात न सुजलेल्या बायकांवरची चाचणी आली. त्यात पाच किंवा जास्त गाठी काढलेल्यांपैकी उचलणाऱ्यांमध्ये 7 टक्के हात सुजले, न उचलणाऱ्यांमध्ये 22 टक्के. आईच्या 14 गाठी काढल्यात, म्हणजे हे शेवटचे दोन आकडे त्यांच्यासारख्यांचे आहेत. मावशींना हेच दाखवा.

मात्र त्या चाचण्यांमधल्या बायकांनी पहिल्या दिवशी दहा किलो उचलले नव्हते. सुरुवात अर्धा ते एक किलोने. घरी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली पुरते. कोपर वाकवून उचलणं, हात समोर खांद्यापर्यंत नेणं, खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून तो मागे खेचणं, आणि भिंतीवर हात टेकून जोर. प्रत्येकी दहा वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून दोन दिवस, मध्ये निदान दोन दिवस सुट्टी. दोन-तीन वेळा त्रास न होता पार पडलं की अर्धा किलो वाढवा. आठवडाभर खंड पडला तर एक पायरी खाली या. घोटाळा इथेच होतो: लग्नकार्यात पंधरा दिवस जातात आणि बाई जिथे सोडलं तिथूनच सुरू करते.

आता गरबा. त्याच्यात हाताची जी टाळी आहे ती हलकी, पण एका रात्रीत शेकडो वेळा होते. हात वजनाने जितका थकतो तितकाच मोजणीनेही थकतो, म्हणून सहा आठवडे त्याची सवय करायची. आजपासून कमाटीबागेत सकाळी तीस मिनिटं चालणं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने, आठवड्यातून पाच दिवस. वजनं वर सांगितल्याप्रमाणे. तिसऱ्या आठवड्यापासून घरात गाणं लावून दहा मिनिटं टाळ्या, मग पंधरा, मग वीस. प्रत्येक वाढीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी हात बघायचा. चोवीस तासांनंतरही जड वाटत असेल तर वेळ निम्म्यावर.

हात बघायचा म्हणजे मोजायचा. शिवणकामाची टेप घ्या: मनगट, कोपराच्या वर 10 सेंटीमीटर आणि खाली 10 सेंटीमीटर, दोन्ही हात, दर वेळी त्याच वेळेला. कामाचा हात मुळातच थोडा जाड असतो, म्हणून आजचे आकडे लिहून ठेवा आणि पुढची तुलना त्यांच्याशी करा. दोन हातांत दोन सेंटीमीटरचा फरक पडला तर दाखवायला या. टेपच्या आधी बांगड्या सांगतात: रोज सहज चढणारी बांगडी अडकली, किंवा ब्लाउजची बाही दंडाला रुतली, तर ती पहिली खूण. आता हात सुजलेला नसेल तर दाबाची बाही (सूज दाबून ठेवणारी घट्ट बाही) 'असू दे' म्हणून विकत आणू नका. मापाची नसलेली बाही मनगटाशी आवळते आणि पाणी तिच्या खाली अडतं. सूज असेल त्यांनी मात्र मापाने बनवलेली बाही घालूनच खेळावं.

पहिले दोन दिवस सोसायटीचा गरबा. दोन गाणी, बसणं, पाणी, दोन गाणी. मोठ्या मैदानावर गर्दीच्या आतल्या रिंगणात शिरलं की बाहेर पडणं आपल्या हातात राहत नाही आणि धक्के छातीला लागतात, म्हणून तिथे बाहेरच्या कडेला खेळायचं. चणियाचोळीची बाही सैल, आतून सुती अस्तर. आरसे आणि जर काखेजवळ घासले तर रेडिएशनची कातडी सोलते. दंडावर बाजूबंद नको. आत घालायचा कृत्रिम स्तन असेल तर तो ब्राच्या खिशात पक्का बसतोय का, हे उड्या मारून घरीच तपासा. गुजराती चोळीची पाठ उघडी असते, तिथे तो सरकतो. उजव्या हाताला ओरखडा, डास चावणं, फोड, काहीही झालं तर धुऊन औषध लावायचं, कारण सूज आणणारी खरी गोष्ट हाताचा संसर्ग आहे, टाळी नाही. घरी परतताना स्कूटर मेन स्टँडवर चढवायचं काम दुसऱ्या कुणी करावं. एका झटक्यात लागणारं ते वजन गरब्यापेक्षा वाईट.

केमोत पॅक्लिटॅक्सेल हे औषध झालं असेल आणि तळपाय बधिर असतील तर अनवाणी खेळू देऊ नका. काच टोचलेली कळत नाही आणि तोलही जातो. लेट्रोझोलने सकाळी सांधे आखडतात, हाडं विरळ होतात. त्यावर पायांवर भार घेणारा व्यायाम चांगला, आणि गरबा तोच आहे.

मावशींकडे परत येते. पाच लिटरचा कुकर वरणासाठी भरला की दोन किलोच्या वर जातो. भरलेली बादली पंधरा किलोच्या आसपास, किराण्याची पिशवी पाच किलो. आई हे रोज उचलते आणि तेव्हा कुणी तो कागद काढत नाही. दोन किलोचा नियम कुकरला लागू नाही, गरब्याला मात्र लागू. ज्या कामात घराची सोय आहे तिथे हात बरा झालेला असतो, आणि बाईला ज्यात मजा आहे तिथे तो अचानक आजारी पडतो. याला काळजी म्हणतात, मी म्हणणार नाही. याची दुसरी बाजू आमच्याच क्षेत्रातल्या काही लोकांकडून ऐकू येते: 'बायका घरकाम करतात, तोच व्यायाम.' तो व्यायाम नाही. पोळ्या लाटताना कोपर कमरेजवळ असतं, भांडी घासतानाही. दिवसभर राबूनही खांदा एकदासुद्धा पूर्ण वर जात नाही, आणि छातीचे रेडिएशन झालेले स्नायू महिनोन्महिने, वर्ष-दोन वर्षंही, आत आखडत राहतात. म्हणून दाराच्या चौकटीला हात टेकून छाती पुढे नेण्याचा ताण नवरात्रानंतरही चालू राहिला पाहिजे, रोज, दोन मिनिटं.

हे सगळं जखम पूर्ण भरलेल्या आणि सर्जनने मोकळीक दिलेल्या बाईसाठी आहे. पोटाची कातडी-चरबी घेऊन स्तन पुन्हा बनवला असेल तर पोटाला ताण देणारे व्यायाम आणि वजन सहा-आठ आठवडे तरी बंद. पाठीचा स्नायू घेतला असेल किंवा आत इम्प्लांट असेल तर क्रम वेगळा, तो त्याच सर्जनला विचारा. आईच्या केमोत डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध होतं, किंवा ट्रास्टुझुमॅब हे कॅन्सरचं इंजेक्शन चालू असेल, आणि जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त दम लागत असेल, तर गरब्याआधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. कॅन्सर हाडात गेलेला असेल तर वरचं एकही वजन विचारल्याशिवाय नको. उपास करणार असतील तर निर्जळी नको. आणि हात लाल, गरम झाला, ताप आला, तर गरबा आणि व्यायाम दोन्ही बंद, हात उशीवर उंच, आणि अँटिबायोटिक त्याच दिवशी सुरू झालं पाहिजे. अष्टमीची रात्र असली तरी सकाळपर्यंत थांबू नका.