तीनदाच लघवीला जातात, हे सुधारल्याचं लक्षण नाही

भाऊ, तुम्ही लिहिलंय की वडिलांना बारा वर्षांपासून शुगर आहे, हल्ली ते दिवसातून तीनदाच लघवीला जातात, धार बारीक झालीय, आणि कुणीतरी 'पिशवीच्या ताकदीसाठी' द्राक्षबियांच्या अर्काच्या गोळ्या सुचवल्यात. गोळ्यांचं नंतर बघू. आधी ते 'तीनदाच'.

मीही असाच खूश झालो होतो. शुगर निघाली तेव्हा रात्री चार-पाचदा उठायचो. काही वर्षांनी एसटीने जळगावहून धुळ्याला गेलो, तर पारोळ्यालाही उतरावं लागलं नाही. घरी येऊन बायकोला म्हटलं, आता बरं वाटतंय. बरं कशाचं! पिशवी भरल्याची वर्दी देणाऱ्या नसाच मंदावल्या होत्या. सोनोग्राफी केली तर लघवी करून आल्यावरही आत 220 मिली शिल्लक. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, आणि फार काळ तसंच राहिलं तर किडनीलाही त्रास होतो.

होतं असं की रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. पिशवी रोज जादा भरते, भिंत जाड होते, पुढे ताणून सैल पडते. शिवाय जादा साखरेने पेशींत 'फ्री रॅडिकल्स' म्हणजे नासधूस करणारे कण वाढतात, ते स्नायू आणि नसा दोन्ही पोखरतात. या कणांना आवरणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट, आणि द्राक्षबियांचा अर्क त्यातलाच. त्यांची गोष्ट इथून सुरू होते, आणि ती थाप नाही. मधुमेही केलेल्या उंदरांना वनस्पतींचे अर्क दिले, तेव्हा काही प्रयोगांत पिशवीचं नुकसान कमी दिसलंय. पण उंदराची शुगर काही आठवड्यांची, तुमच्या वडिलांची बारा वर्षांची. आणि गोळीचं उलटंही होतं: फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या, 1994 मध्ये निकाल आला तर फुप्फुसाचा कॅन्सर वाढलेला.

ताटातलं मात्र खुशाल खा. आपल्या खानदेशी भरताच्या वांग्यात क्लोरोजेनिक ॲसिड हे अँटिऑक्सिडंट असतं. ते गरात असतं, त्यामुळे साल भाजून टाकली तरी चालतं. (जांभळ्या सालीतल्या रंगाची कीर्ती ऐकून हुरळू नका, आपलं वांगं हिरवं.) फक्त तेलाची धार जरा आवरा. कारल्याचा रस शुगरच्या गोळ्यांसोबत घेत असतील तर डॉक्टरांना सांगा, साखर एकदम खाली जाऊ शकते.

नसा वाचतात त्या शुगर आवरल्याने. अमेरिका-कॅनडातल्या डीसीसीटी चाचणीत, 1993 मध्ये, टाइप 1 मधुमेहाच्या (यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही) 1441 रुग्णांत कडक नियंत्रण ठेवलेल्यांच्या नसांचे विकार सुमारे 60 टक्क्यांनी घटले. टाइप 2 मध्ये, म्हणजे सहसा मोठ्या वयात होणाऱ्या मधुमेहात, फायदा इतका ठळक दिसत नाही, तरी तो सोडायचा कशाला?

मला डॉक्टरांनी घड्याळ लावून दिलं: लागो न लागो, दर तीन तासांनी जायचं. एकदा झाली की दोन मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न. सुरुवातीला घरचे हसायचे.

वडिलांची बारीक धार प्रोस्टेटमुळेही (पुरुषांत पिशवीखाली असणारी ग्रंथी) असू शकते, सर्दीच्या काही गोळ्यांनीही लघवी अडते. म्हणून सध्याच्या सगळ्या औषधांची पाकिटं घेऊन मूत्रविकार तज्ज्ञांकडे जा आणि लघवीच्या आधी व नंतर अशी सोनोग्राफी करून घ्या. ताप आला, किंवा लघवी अजिबात होईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. शिल्लक किती मिली निघाली ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.