वाचक विचारतात: या वयात कुत्रं पाळू का?

प्रश्न: ताई, वय ६८, सांगलीत गावभागात राहते. मिस्टर गेल्यापासून एकटीच, मुलगा पुण्यात. बीपीची गोळी चालू आहे. शेजारीण म्हणते कुत्रं पाळा, तब्येत सुधारते, मुलगा म्हणतो कशाला नसतं झंझट. ओळखीत लॅबचं (लॅब्राडॉर जातीचं) पिल्लू मिळतंय, घेऊ का?

उत्तर: काकू, कुत्रं जरूर घ्या पण हे पिल्लू नको. लॅब वर्ष-दीड वर्षात तीस किलोच्या आसपास जातो, समोर मांजर दिसलं की असा हिसका मारतो की पट्टा धरलेला माणूसच खाली येतो, आणि आपल्या वयात खुब्याचं हाड मोडलं की सगळं अवघड होऊन बसतं. त्यापेक्षा तीन-चार वर्षांचं शांत गावठी कुत्रं बघा, त्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो.

शेजारणीच्या बोलण्यात तथ्य आहे. स्वीडनमधे ३४ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या, २०१७ ला ते छापून आलं, त्यात एकटं राहणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडं कुत्रं होतं त्यांच्यात मृत्यूचा धोका ३३ टक्के कमी दिसला. आता हे कुत्र्यामुळंच झालं असं म्हणता येत नाही, मुळात धडधाकट माणसंच कुत्रं पाळत असतील. पण मला त्यातलं चालणं महत्त्वाचं वाटतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते, आपण कंटाळा करतो, कुत्रं करू देत नाही, सकाळ-संध्याकाळ आमराईकडं नाहीतर घाटाकडं जावंच लागतं आणि वाटेत चार माणसं थांबून बोलतात, एकटीच्या घरात हेच तर नसतं ना काकू. बीपीची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही.

रेबीजची लस दरवर्षी द्या. तरीही दात किंवा नख लागून रक्त आलं तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, हळद-चुना काही लावू नका.

मुलाला एकच विचारा, मी ॲडमिट झाले तर याला कोण बघणार? तो नाहीतर शेजारीण, कुणीतरी नक्की हो म्हणाल्याशिवाय आणू नका. आणि तुम्ही गावभागातल्या, २०१९ चा पूर तुम्हाला मी काय सांगायचा, तेव्हा पाणी चढायला लागलं की त्याला कुठं हलवायचं हे पावसाळ्याआधीच ठरवा, त्याचं लसीचं कार्ड तुमच्या गोळ्यांच्या पिशवीतच ठेवा.