बाबा तेच तेच विचारतात. वय झालं म्हणायचं की डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार?

तुमचा प्रश्न असा: बाबा ७२ वर्षांचे, वर्षभरापासून एकच गोष्ट चार-चार वेळा विचारतात, घरचे म्हणतात वय झालं. डॉक्टरांकडे न्यावं का, आणि यावरचं संशोधन कुठवर आलंय?

न्याच. मी डॉक्टर नाही, पण माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आमच्या आक्कांच्या, आजारात सहा वर्षं गेली. त्यातून जे कळलं ते सांगते.

आक्का कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या, शाळा दुसरीपर्यंत. पण वीस बायकांची भिशी त्यांनी पंधरा वर्षं तोंडी चालवली. कुणाचा हप्ता आला, कुणाचा नंबर लागला, कुणी नवऱ्याच्या चोरून भरलेत म्हणून तिच्या दारात विषय काढायचा नाही, सगळं डोक्यात. एकदा त्यांनी एकाच बाईला लागोपाठ दोन महिने भिशी दिली. बाई सरळ, पैसे परत घेऊन आली. तर आक्का तिच्यावरच उखडल्या, "तुला मी दिलंच न्हाईत, परत कशाचं आणलंईस?"

चष्मा कुठं ठेवला ते विसरणं, एखाद्याचं नाव पटकन न आठवणं हे माझंही होतं. जन्मभर हातात बसलेलं काम चुकायला लागलं की मात्र कान टवकारायचे. तुमचे बाबा लाईटबिल, बँक, पेन्शन स्वतः बघत असतील तर तिथं काय चाललंय ते आधी गुपचूप बघा.

आम्ही पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे गेलो ते "या वयात असं चालायचंच" म्हणाले, आणि आमचे आठ महिने गेले. त्याचा राग मला अजून आहे. देशभरातल्या ज्येष्ठांच्या मोठ्या पाहणीतून २०२३ मध्ये जे आकडे आले, त्यांत साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं. माणसं म्हणून मोजली तर हे सुमारे ८८ लाख होतात, पण उरलेल्या नव्वदाहून जास्त टक्क्यांचंही वय झालेलंच आहे की!

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आठवण आणि बुद्धी तपासायची ३० मार्कांची परीक्षा घेतली. आजची तारीख कोणती, १०० मधून ७ वजा करत जा, वगैरे. आक्कांनी विचारलं, "सात काय? रुपय का किलो?" मार्क १७ पडले. बाई हसल्या आणि म्हणाल्या, यातले निम्मे मार्क शाळेचे आहेत. ही परीक्षा अमेरिकेत १९७५ साली तयार झाली, शिकलेल्या माणसांसाठी. पुढे नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत भारतीय-अमेरिकी संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा निरक्षर लोकांसाठी ती हिंदीत बदलून घ्यावी लागली. कागदावरचा मजकूर वाचून डोळे मिटायच्या जागी, मी करतो तसं करा. वाक्य लिहायच्या जागी, घराबद्दल एक वाक्य बोला. मुद्दा असा की बाबा कमी शिकलेले असतील तर कमी मार्कांनी हबकू नका, आणि मास्तर असतील तर चांगल्या मार्कांवर विसंबू नका. आक्कांच्या बाबतीत बाईंना खटकलं ते वेगळंच. पाच मिनिटांपूर्वी सांगितलेल्या तीन वस्तूंपैकी एकही त्यांना सांगता येईना, आणि वस्तू सांगितल्या होत्या हेच आठवेना.

मग रक्त तपासलं आणि डोक्याचा स्कॅन झाला. इथं घाई करण्यात खरा फायदा आहे, कारण विसरभोळेपणाची काही कारणं बरी होण्यासारखी असतात: बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, पडल्यावर मेंदूवर साचलेलं रक्त, काही गोळ्या. आक्का माळकरी. घरात मटण शिजलं की त्या दिवशी आमच्या भांड्यातलं पाणीसुद्धा पीत नाहीत, त्यामुळे बी-१२ तळाला गेलेलं. इंजेक्शनं घेतल्यावर पायाच्या मुंग्या गेल्या, तरतरी आली. रोज रात्रीची जुनी सर्दीची गोळीही बाईंनी बंद केली, अशा काही गोळ्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर धुकं आणतात म्हणून. भिशी मात्र परत आली नाही. निदान झालं अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार, आणि जोडीला बीपीमुळे मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब.

कानाचं आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ऐकूच न आलेलं आठवणार कुठून? लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यांत बहिरेपण, बीपी, मधुमेह, तंबाखू, एकटेपणा, कमी शिक्षण आणि नव्याने घेतलेली अधू नजर व वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल आहे. ही सगळी आयुष्यभर सांभाळली तर जगातली सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळतील किंवा लांबतील असा अंदाज. हा हिशेब सगळ्या समाजाचा आहे, एकट्या तुमच्या बाबांचा नाही. अमेरिकेत ९७७ वृद्धांवर तीन वर्षं श्रवणयंत्राचा प्रयोग झाला, त्याचा निकाल २०२३ मध्ये लागला. सगळे मिळून बघितलं तर फरक नाही, पण ज्यांना धोका जास्त होता त्यांच्या बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. आम्ही यंत्र घेतलं. पहिल्या आठवड्यात ते मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीत सापडलं. तरी घेतलं ते बरं झालं, निदान घरातली ओरडाओरड थांबली.

आक्कांचं माहेर निपाणीकडचं, कन्नडही येतं. हैदराबादच्या डॉक्टर सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ डिमेन्शिया रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये मांडला. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला, अगदी निरक्षरांनाही. आक्का हल्ली नातवाला मधूनच कन्नडात हाक मारतात, तो बिचारा माझ्याकडे बघतो.

औषधांचं सांगायचं तर डोनेपेझिल १९९६ पासून वापरात आहे. काहींना थोडी मदत होते, आजार थांबत नाही. लेकानेमॅब या नव्या औषधाने १८ महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी हळू झाली, पण ते फक्त अगदी सुरुवातीच्या अल्झायमरला, सलाईनमधून, वारंवार एमआरआय करून, आणि मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्रावाचा धोका पत्करून. व्हॉट्सॅपवर कुणी गिंको या झाडपाल्याच्या औषधाचं पाठवलं तर सोडून द्या. तीन हजारांवर वृद्धांना सहा वर्षं देऊन बघितलं, डिमेन्शिया कमी झाला नाही, असं २००८ मध्येच छापून आलंय.

आता तुम्ही करायचं काय? मेंदूविकार किंवा मानसोपचार तज्ज्ञाची वेळ घ्या. बाबांच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून जशाच्या तशा न्या, चष्मा लावायला लावा, कानात मळ आहे का ते आधी बघून घ्या. आणि घरात झालेल्या चार चुका तारखेसकट कागदावर लिहून तो कागद बाबांना आत न्यायच्या आधी डॉक्टरांकडे पोचवा. मी ते भिशीचं आक्कांच्या देखत सांगितलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. रिक्षात बसल्यावर मिरजकर तिकटीचा चौक येईपर्यंत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, आणि मग एवढंच म्हणाल्या, "बायकांस्नी सांगू नगंस."