कीटकशास्त्रात येताय? आधी लेबल लिहायला शिका

शोधनिबंधाची घाई नको. आधी नमुना नीट ठेवायला शिका, पुढची सगळी कारकीर्द त्यावरच उभी राहते. भुंगेऱ्याला पिन टोचायची ती उजव्या पंखकवचातून. मधोमध टोचली तर मधल्या रेषेवरच्या ओळखखुणा फुटतात. उजवी बाजू बिघडली तरी डावी शाबूत राहते. फुलपाखराला मात्र छातीच्या मधोमध. पिन कीटकांसाठीचीच घ्या, 38 मिलिमीटरची, 2 किंवा 3 नंबरची. साधी टाचणी आखूड पडते आणि गंजते.

लेबलवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. महिना रोमन आकड्यात लिहा, नाहीतर 4/7 म्हणजे एप्रिल की जुलै हा घोळ कायमचा राहतो. लेबल नसलेला कीटक कितीही देखणा असो, अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी.

डीएनए काढायचा तर 95 टक्के इथेनॉल. त्यात शरीर कडक होऊन पाय तुटतात, म्हणून नुसती रचना पाहायची असेल तर 70 ते 80 टक्के पुरे. पिनेखाली बारीक भुकटी दिसली की समजा, पेटीतल्या नमुन्यांना कीड लागली. पेटी पिशवीत घट्ट बांधून उणे 20 अंशांवर दोन आठवडे ठेवा.

पीएचडीला एकच कुळ धरा, आणि त्याचे मूळ प्रकारनमुने, म्हणजे ज्यांच्यावरून प्रजातींना पहिल्यांदा नाव दिलं गेलं ते नमुने, कुठल्या संग्रहालयात आहेत ते विषय ठरवण्याआधी शोधा.