क्वाडमधली मदत हा सुरक्षेचा मुखवटा आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे : भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांच्या क्वाड गटाची बैठक झाली की जे संयुक्त निवेदन निघतं, त्यात लसी, भूकंपग्रस्तांना मदत, सागरी सुरक्षा हे सगळं एकाच पानावर कसं असतं? आणि मदत हा नुसता मुखवटा आहे का?

माझ्या मते मुखवटा नाही. पण तुम्हाला जो संशय येतो तो बिनबुडाचाही नाही. ही गाठ कुठे बसते आणि कुठे काचते, हे सांगायचा प्रयत्न करतो.

मी परराष्ट्र खात्यातला माणूस नाही. सव्वीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली आणि आता देवगडला घरी असतो. म्हणून मी या गटाकडे समुद्राच्या बाजूने बघतो. दिल्लीतल्या चर्चासत्रांतून ही बाजू फारशी दिसत नाही.

२६ डिसेंबर २००४ ला मी कोळसा भरलेल्या जहाजावर बंगालच्या उपसागरात होतो. इंडोनेशियाहून निघालो होतो, चेन्नईला चाललो होतो. त्सुनामीची लाट आमच्या खालून गेली आणि आम्हाला काहीही कळलं नाही. खोल पाण्यात ती लाट सहसा मीटरभरसुद्धा उंच नसते, किनारा जवळ आला की ती भिंतीसारखी उभी राहते. सॅटेलाइटवर संदेश यायला लागले तेव्हा समजलं. १४ देशांत मिळून सव्वादोन लाखांच्या वर माणसं गेली. आम्ही ज्या पाण्यावर सकाळचा चहा घेतला, त्याच पाण्याने नागपट्टणम आणि कार निकोबार उद्ध्वस्त केलं. ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

क्वाडचं मूळ त्या आठवड्यात आहे. २९ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी जाहीर केलं की अमेरिका, भारत, जपान आणि ऑस्ट्रेलिया मिळून एक 'कोअर ग्रुप' काम करेल. हेच चार देश का? कारण आठवडाभरात सुमात्रा, श्रीलंका, मालदीवला जहाजं आणि हेलिकॉप्टर पोचवण्याची ताकद या भागात त्यांच्याकडे होती. रोज फोनवर बैठक व्हायची. अमेरिकेकडून मार्क ग्रॉसमन, आपल्याकडून परराष्ट्र सचिव श्याम सरण, आणि बाकी दोघांचे त्याच दर्जाचे अधिकारी. कार्यालय नाही, करार नाही. कोणाचं जहाज कुठे आहे, कोणत्या बंदरात काय उतरवता येईल, कुठे काय कमी पडतंय, एवढीच बोलणी.

इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटावर आचे प्रांताच्या पश्चिम किनाऱ्यावरचा रस्ता वाहून गेला होता. मलाबोहसारख्या गावांना जमिनीवरून वाटच उरली नव्हती. अमेरिकेची 'अब्राहम लिंकन' ही विमानवाहू नौका हाँगकाँगला होती, ती आचेसमोर आली आणि तिची हेलिकॉप्टरं अन्नपाणी टाकू लागली. आपलं 'आयएनएस निरुपक' हे खरं तर समुद्रतळ मोजणारं सर्वेक्षण जहाज. त्याचं रुग्णालय केलं आणि ते इंडोनेशियाला धाडलं. स्वतःच्या किनाऱ्यावर हजारो माणसं गेलेली असताना भारताने श्रीलंकेला आणि मालदीवला जहाजं पाठवली आणि स्वतःसाठी परदेशी मदत घेतली नाही. त्या निर्णयाबद्दल तेव्हा बरीच उलटसुलट चर्चा झाली. माझ्या दृष्टीने मात्र भारत या समुद्रात मदत मागणारा देश राहिलेला नाही, हे इतरांना कळलं ते त्या आठवड्यात.

६ जानेवारीला जकार्तात परिषद झाली, काम संयुक्त राष्ट्रसंघाकडे सोपवलं आणि गट विसर्जित झाला. नऊ दिवस. या नऊ दिवसांकडे मी पुन्हा येणार आहे.

आता तुमच्या प्रश्नातला दुसरा धागा. विमानवाहू नौका, हेलिकॉप्टरं, सर्वेक्षण जहाज, ही सगळी नौदलाची साधनं. तांदूळ उतरवणारं हेलिकॉप्टर आणि युद्धात वापरायचं हेलिकॉप्टर एकच असतं. समुद्रावर मदत आणि सुरक्षा या दोन वेगळ्या पेट्या करता येत नाहीत, कारण सामान एकच आहे.

मी सेकंड मेट, म्हणजे जहाजावरचा एक अधिकारी, असताना सागरी नकाशे दुरुस्त करणं हे माझं काम होतं, म्हणून त्यातलंच उदाहरण देतो. समुद्राची खोली मोजून केलेला नकाशा असला तर मच्छीमाराची होडी खडकावर चढत नाही, आमचं जहाज वाळूत रुतत नाही, त्सुनामीनंतर गाळ आणि मोडतोडीने भरलेल्या बंदरात मदतीचं जहाज कुठून आत घ्यायचं ते कळतं. तोच नकाशा पाणबुडीलाही वाट दाखवतो. म्हणून समुद्रतळ मोजून देणं ही मदत आहे आणि ते लष्करी कामही आहे. दोन्ही विधानं खरी आहेत.

मालदीवशी भारताने २०१९ साली अशा सर्वेक्षणाचा करार केला होता. डिसेंबर २०२३ मध्ये नव्या सरकारने तो पुढे चालवणार नाही असं कळवलं. तिथे आपली दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्नियर विमान होतं. लांबच्या बेटांवरून आजारी माणसांना मालेच्या रुग्णालयात आणायचं काम ती करायची, शेकडो रुग्ण त्यांनी आणले. तरीही 'इंडिया आउट' ही मोहीम चालली, त्याच मुद्द्यावर २०२३ ची निवडणूक लढवली गेली आणि मे २०२४ पर्यंत आपले सैनिक परत आले. त्यांच्या जागी गणवेश नसलेले तंत्रज्ञ गेले. विमानं तीच राहिली.

हे वाचून आपल्याकडे अनेकांना राग आला होता. एवढं करून वर हे ऐकायचं? मला तो राग समजतो, पण मी त्यात सामील नाही. कोकणातल्या एखाद्या बंदरात दुसऱ्या देशाचे गणवेशातले लोक वर्षानुवर्षं राहिले असते, कितीही भल्या कामासाठी का असेना, तर मलाही ते आवडलं नसतं. पाच लाख वस्तीच्या देशाला शेजारचा १४० कोटींचा देश कसा दिसत असेल, याचा विचार आपण फार कमी करतो.

म्हणून माझी कसोटी दोन प्रश्नांची आहे. ज्याला दिलं त्याने ते मागितलं होतं का? आणि काम झाल्यावर तुम्ही निघालात का? २००४ च्या गटाकडे दोन्हीचं उत्तर 'हो' असं होतं; नऊ दिवसांत काम सोपवून तो मोकळा झाला.

२००७ मध्ये मात्र हे चार देश पुन्हा जमले ते सुरक्षेच्याच नावाने. मे महिन्यात मनिलामध्ये अधिकाऱ्यांची बैठक झाली. ऑगस्टमध्ये जपानचे पंतप्रधान शिंझो आबे आपल्या संसदेत हिंदी आणि पॅसिफिक या दोन समुद्रांच्या संगमावर बोलले. सप्टेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात सिंगापूरला धरून पाच देशांच्या नौदलांचा 'मलबार' हा सराव झाला. चीनने या जमण्याबद्दल चारही राजधान्यांत विचारणा केली होती आणि फेब्रुवारी २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाने अंग काढून घेतलं. वर्षही झालं नव्हतं. आसपासच्या छोट्या देशांना त्या वेळच्या क्वाडमधून काही मिळत नव्हतं, त्यामुळे तो बंद पडला तेव्हा कोणाला चुकल्यासारखंही वाटलं नाही. २०१७ ला मनिलातच तो पुन्हा सुरू झाला, २०२१ पासून पंतप्रधान-राष्ट्राध्यक्षांच्या पातळीवर गेला, आणि तेव्हापासून निवेदनांत मदतीचे विषय मोठ्या संख्येने आले. मला वाटतं, २००८ चा धडा घेऊनच हे झालं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. हे चौघे काटेकोर अर्थाने मित्रराष्ट्रं नाहीत. अमेरिकेचा जपानशी १९६० चा आणि ऑस्ट्रेलियाशी १९५१ चा संरक्षण करार आहे. भारताचा असा करार कोणाशीच नाही. क्वाडला सचिवालय नाही, नाटोसारखं 'एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला' असं कलम नाही. बांधून घेणारा करार नसेल तर एकत्र केलेलं कामच काय ते चौघांना बांधून ठेवतं. निवेदनात कामांची यादी लांबत जाते याचं एक कारण हेही आहे.

जपानने तर ही गाठ उघडपणे सोडवून ठेवली आहे. त्यांची विकासमदत लष्कराला द्यायची नाही हे जुनं धोरण. मग २०२३ साली त्यांनी सुरक्षा मदतीची वेगळी योजना काढली आणि पहिल्या वर्षी फिलिपिन्स, मलेशिया, बांगलादेश, फिजी यांना त्यातून रडार, गस्ती बोटी अशा वस्तू दिल्या. दोन वह्या, दोन हिशेब. मला ही पद्धत आवडते, कारण घेणाऱ्याला कळतं की आपण काय घेतोय.

घेणाऱ्यांना काय हवं आहे, हेही ऐकलं पाहिजे. २०१८ मध्ये पॅसिफिक बेटांच्या नेत्यांनी नाऊरूमध्ये बोई जाहीरनामा केला. त्यात त्यांनी आपल्या जगण्याला आणि सुरक्षेला सर्वांत मोठा धोका म्हणून हवामानबदलाचं नाव घेतलं. याच बेटांपैकी किरिबाती या देशाची लोकसंख्या जेमतेम सव्वा लाखाच्या आसपास, आणि तिच्या हक्काचं समुद्रक्षेत्र सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या भूमीपेक्षा थोडं जास्तच. एवढ्या पाण्यात कोण चोरून मासे मारतंय हे ते कसं बघणार? मोठ्या जहाजांवर एआयएस नावाचं यंत्र असतं, ते आपलं नाव आणि जागा सतत सांगत राहतं. आमच्या वेळी ते बंद करणं म्हणजे गुन्हाच मानला जायचा. चोर मात्र आधी तेच बंद करतात. मे २०२२ च्या टोकियो बैठकीत क्वाडने ठरवलं की उपग्रहांनी टिपलेले रेडिओ संकेत वापरून अशी अंधारात फिरणारी जहाजं शोधायची आणि ती माहिती छोट्या देशांना द्यायची. हिंदी महासागरासाठी गुरुग्रामचं आपल्या नौदलाचं केंद्र, पॅसिफिकसाठी होनियारा आणि वानुआतूची केंद्रं.

होनियारा ही सॉलोमन बेटांची राजधानी. त्याच देशाने महिनाभर आधी, एप्रिल २०२२ मध्ये, चीनशी सुरक्षा करार केला होता. म्हणजे हे सगळं निव्वळ परोपकारातून झालं असं मी म्हणणार नाही. पण मासे चोरणारी बोट सापडली तर त्याचा फायदा किरिबातीच्या माणसाला होतो, देणाऱ्याच्या मनात काहीही असो.

आता जिथे शब्द पाळला गेला नाही ते. मार्च २०२१ मध्ये चौघांनी जाहीर केलं की २०२२ संपेपर्यंत १०० कोटी लशी भारतात बनवून या प्रदेशाला देऊ. पैसा अमेरिका-जपानचा, वाटप ऑस्ट्रेलियाचं, उत्पादन हैदराबादला. महिन्याभरात आपल्याकडे दुसरी लाट आली, निर्यात थांबली, आणि ते उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. एप्रिल २०२२ मध्ये क्वाडच्या नावाने कंबोडियाला सव्वातीन लाख डोस गेले, ते पुण्यात बनलेल्या कोविशिल्डचे. १०० कोटी म्हणायचं आणि लाखांत मोजून द्यायचं, याने विश्वास जातो. त्यापेक्षा आधीच थोडं बोलले असते तर बरं झालं असतं.

आणि मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती २०२५ ची. १ जुलैला वॉशिंग्टनमध्ये क्वाडच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली. दुर्मीळ खनिजांचा नवा उपक्रम ठरला, आणि आपत्तीतली मदत हा चार मुख्य विषयांपैकी एक म्हणून ठेवला. त्याच दिवशी, त्याच शहरात, अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेचं काम अधिकृतपणे थांबलं. आचेचा तो वाहून गेलेला किनारी रस्ता बांदा आचेपासून चालांगपर्यंत याच संस्थेच्या पैशातून पुन्हा बांधला गेला होता. त्याआधी मार्चमध्ये म्यानमारला ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा भारताने 'ऑपरेशन ब्रह्मा' केलं, जहाजं यांगूनला गेली, लष्कराने मंडालेला रुग्णालय उभारलं. एरवी अशा वेळी अमेरिकेची मोठी शोध-बचाव पथकं उतरतात. या वेळी ती उतरली नाहीत. निवेदनात मदतीचा परिच्छेद आहे, पण तो पाळणारे हातच कमी झालेत. तुम्ही मुखवटा म्हणालात, तो शब्द मला इथे आठवला.

शेवटी आमच्या गावचं सांगतो, म्हणजे मी 'कोण कुठे आहे ते कळणं' याला मदत का म्हणतो ते कळेल. २०१७ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या ६८ बोटी भरकटत देवगडच्या बंदरात आल्या. ९५२ माणसं. तेव्हा मी घरी होतो. गावातून जेवण गेलं, कपडे गेले. त्यांची मल्याळी आणि तमिळ, आमची मालवणी, मधे मोडकी हिंदी. त्यातल्या एका तरुणाने माझा फोन मागितला. पलीकडून बाईचा आवाज आला आणि तो पहिली दोन मिनिटं काही बोलूच शकला नाही. त्याची बोट कुठे आहे हे त्या घरात तोवर कोणालाही माहीत नव्हतं.