पॅथॉलॉजिस्टचं काम आजार शोधायचं. मग रिजनरेटिव्ह मेडिसिनमध्ये त्याला काय काम?

तुम्ही लिहिलंय की भाचीला एमडीला पॅथॉलॉजी मिळतेय, तिला रिजनरेटिव्ह मेडिसिनची, म्हणजे खराब झालेला अवयव किंवा ऊती नव्याने भरून आणायच्या शास्त्राची ओढ आहे, आणि घरी सगळे म्हणतायत, ‘पॅथॉलॉजी घेऊन शेवटी लॅबच टाकणार ना? गुडघे नि कातडी नव्याने उगवणं हे काही तुझ्या शाखेचं काम नाही.’ घरच्यांना मी दोष देणार नाही. २२ वर्षं हिस्टोपॅथॉलॉजी करतेय, तरी लग्नकार्यात लोक अजून मला बाजूला घेऊन जेवणानंतरची शुगर किती असायला हवी ते विचारतात.

हिस्टोपॅथॉलॉजी म्हणजे काय ते आधी दोन ओळींत. फॉर्मालिनच्या बाटलीतून शरीराचा तुकडा येतो, मेणात त्याचा ठोकळा होतो, मायक्रोटोम नावाच्या काप काढायच्या यंत्रावर तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात, त्यांना रंग चढतो आणि काच (स्लाइड) माझ्यासमोर येते. त्या काचेला वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारला जायचा: आजार कुठला? आता आणखी एक विचारला जातो: इथे जे भरून आलंय, ते नक्की काय आहे? तुमच्या भाचीचं काम या दुसऱ्या प्रश्नात आहे.

आपण ‘जखम भरली’ म्हणतो. म्हणजे खड्डा बुजला. कशाने बुजला, ते त्या शब्दात नाही. शर्ट फाटला तर ठिगळ लावता येतं किंवा रफू करता येतं, भोक दोन्हींत बुजतं. शरीर बहुतेक वेळा ठिगळ लावून मोकळं होतं, त्याला आपण व्रण म्हणतो. रिजनरेटिव्ह मेडिसिनवाल्यांचा दावा रफूचा असतो. सर्जन म्हणतो भरलं, एमआरआयवाला म्हणतो भरलं, पेशंट म्हणतो आता दुखत नाही. धाग्याला धागा जुळलाय का, हे मात्र काचेवरच दिसतं.

गुडघ्याचंच घ्या. सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते. तिला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे ती झिजली की स्वतःहून धड भरत नाही. १९९४ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या गटाने २३ रुग्णांवर केलेलं काम प्रसिद्ध केलं. गुडघ्याच्या कमी भार येणाऱ्या जागेतून कूर्चेचा लहानसा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, खड्ड्यावर हाडाच्या आवरणाचा पापुद्रा शिवायचा आणि त्याखाली त्या पेशी सोडायच्या. बहुतेक पेशंटना बरं वाटलं, पण डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. नव्याने भरलेल्या जागेचे तुकडे काढून मायक्रोस्कोपखाली पाहिले. मांडीच्या हाडाच्या टोकावर १५ पैकी ११ ठिकाणी खऱ्या कूर्चेसारखं दिसलं. गुडघ्याच्या वाटीत मात्र ७ पैकी एकाच ठिकाणी. पद्धत तीच, सर्जन तेच, सांधाही तोच. जागा बदलली आणि निकाल बदलला.

खरी कूर्चा कशी दिसते ते सांगते, कारण मला ती काच बघायला आजही आवडते. तिला हायलिन म्हणतात, आणि तो शब्दच काचेवरून आलाय. सॅफ्रॅनिन-ओ नावाचा रंग दिला की ती केशरी-लाल होते. पेशी आपापल्या खोबणीत एकेकट्या, नाहीतर दोघी-तिघी मिळून बसलेल्या असतात आणि मधला सगळा पदार्थ नितळ. आता शेजारी ठिगळाची काच ठेवा, म्हणजे फायब्रोकार्टिलेजची. केशरी रंग फिका पडतो. ध्रुवीकृत प्रकाश सोडून चकती फिरवली की काथ्याची दोरी उसवावी तसे कोलॅजनचे, म्हणजे दोरीसारख्या प्रथिनाचे जाड जुडगे चमकायला लागतात. खऱ्या कूर्चेत मुख्यतः टाइप टू कोलॅजन असतं, या काथ्यात टाइप वन. दोन्ही पांढरट, दोन्ही चिवट, आणि दुर्बिणीतून बघणाऱ्या सर्जनला दोन्ही बऱ्यापैकी सारखी वाटू शकतात.

इथे आमचा माज उतरवणारी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २००४ मध्ये नॉर्वेतल्या डॉक्टरांनी ८० रुग्णांची तुलना छापली. अर्ध्यांना वाढवलेल्या पेशी दिल्या. उरलेल्यांना मायक्रोफ्रॅक्चर, म्हणजे खड्ड्याच्या तळच्या हाडाला बारीक भोकं पाडून मज्जेतल्या पेशी वर येऊ द्यायच्या, हा जुना स्वस्त उपाय. दोन वर्षांनी बहुतेकांच्या बायॉप्सी घेतल्या. काचेवर कूर्चा किती चांगली दिसते आणि पेशंटला किती बरं वाटतं, यांचा काही मेळच लागेना! याचं फार नवलही वाटायला नको. कूर्चेला वेदना पोचवणारे चेतातंतू नसतात, तेव्हा दुखणं तिच्या आत नसतंच, ते आजूबाजूच्या हाडातून आणि सांध्याच्या आवरणातून येतं. आमच्यावर हसणाऱ्यांना तेवढंच निमित्त मिळालं. पण त्याच रुग्णांचा पाच वर्षांचा हिशेब २००७ मध्ये आला. दोन्ही गटांत जवळजवळ चौथा हिस्सा उपचार फसले होते, आणि ज्यांच्या काचेवर दोन वर्षांनी उत्तम हायलिन कूर्चा दिसली होती, त्यांच्यातला एकही त्या फसलेल्यांत नव्हता. दुखतंय का, हे पेशंटला विचारा. टिकेल का, हे काचेला विचारलेलं बरं.

घरी समजावायला सोपं उदाहरण हवं असेल तर भाजलेल्या कातडीचं द्या. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात दोन लहान भाऊ इतके भाजले की अंगावर घ्यायला स्वतःची कातडीच उरली नव्हती. हार्वर्डच्या हॉवर्ड ग्रीन यांनी कातडीच्या पेशी वाढवायची पद्धत बसवली होती. त्या दोघांच्या उरल्यासुरल्या कातडीतून पापुद्रे वाढवून अंगावर लावले गेले आणि मुलं वाचली. इथवर बातम्यांत येतं. पुढचं येत नाही. कॅरोलिन कॉम्पटन या पॅथॉलॉजिस्ट बाईंनी अशा मुलांच्या नव्या कातडीचे नमुने सहा दिवसांपासून पाच वर्षांपर्यंत पाहत राहून १९८९ मध्ये त्याचा वृत्तांत छापला. कातडीचा वरचा थर खालच्या थरात पन्हळीसारखा रुतलेला असतो, म्हणून ती घासली तरी सुटत नाही. नवी कातडी सुरुवातीला खालून सपाट होती. त्यामुळे जरा घासलं की फोड यायचे. मग पन्हळ हळूहळू परत आली. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालीच दिसतात असे दोन थरांना जोडणारे बारीक टाकेही परत आले, आणि चार-पाच वर्षांत खालचा व्रणासारखा थर बराचसा खऱ्या कातडीच्या वळणावर गेला. घामाच्या ग्रंथी आणि केस मात्र आले नाहीत. मोठ्या प्रमाणात भाजून बऱ्या झालेल्या माणसाचे उन्हाळ्यात का हाल होतात, हे ती काच पाहिली की कळतं.

ही झाली उपचारानंतरची तपासणी. खरा बदल असा झालाय की आता काच उपचाराच्या आधीही लागते. डोळ्यात चुना किंवा ॲसिड गेलं की बुबुळाच्या कडेच्या मूळपेशी (स्टेम सेल) जळतात आणि बुबुळ पांढरं पडतं. इटलीतल्या गटाने दुसऱ्या डोळ्याच्या कडेच्या पेशी वाढवून लावल्या आणि २०१० मध्ये ११२ रुग्णांचा निकाल दिला. वाढवलेल्या पेशींत पी६३ नावाचं प्रथिन गडद दाखवणाऱ्या, म्हणजे खऱ्या मूळपेशी ३ टक्क्यांहून जास्त असतील, तर ७८ टक्के रुग्णांत यश. ३ टक्के किंवा कमी असतील, तर फक्त ११ टक्क्यांत. आम्ही कॅन्सरच्या तुकड्यावर रोज जे इम्युनोस्टेनिंग करतो, म्हणजे ठरावीक प्रथिन रंगवून दाखवतो, त्याच जातीचं हे काम. फरक एवढाच की इथे रिपोर्ट चुकला तर चुकीचा माल थेट माणसाच्या डोळ्यात जातो. याच पद्धतीला युरोपात २०१५ मध्ये मंजुरी मिळाली.

आता भीतीची बाजू. भरून येणं आणि कॅन्सर हे काचेवर चुलत भावंडांसारखे दिसतात. मागे माझ्याकडे एक तुकडा आला होता. फॉर्मवर फक्त ‘न भरणारी जखम, पोटरी’. वरवरचा तुकडा, कडेला पेशींच्या जिभा खाली उतरलेल्या, विभाजन भरपूर. जखम जोमाने भरू पाहत असली तरी हेच दिसतं आणि कॅन्सर असला तरी हेच. फोन केला तेव्हा कळलं की बाई लहानपणी स्टोव्हच्या भडक्यात भाजल्या होत्या आणि तीस वर्षांच्या त्या व्रणात ही जखम झाली होती. जुन्या भाजलेल्या व्रणात कॅन्सर होतो हे आम्ही पहिल्या वर्षात शिकतो, पण फॉर्मवर लिहिलंच नाही तर सुचणार कुठून? खोल तुकडा मागवला. कॅन्सरच निघाला. (भाचीला सांगा, फॉर्मवर काही लिहिलेलं नसेल तर फोन उचलायला लाजायचं नाही. अर्धं निदान फोनवर होतं.)

पेशी बाहेरून सोडल्या की ही जोखीम आपण विकत घेतो. इस्रायलमधल्या एका मुलाला ॲटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया हा दुर्मिळ आजार होता. मॉस्कोत त्याच्या मेंदूत आणि मणक्याच्या पाण्यात गर्भातल्या चेतासंस्थेच्या मूळपेशी टोचल्या. पहिल्या उपचारानंतर चार वर्षांनी मेंदूत आणि मणक्यात गाठी दिसल्या. गाठ काढून तपासली तर मुलाच्या अंगातल्या गाठीत एक्सएक्स, म्हणजे स्त्रीच्या पेशी! पुढच्या तपासणीत निदान दोन दात्यांच्या पेशी निघाल्या. २००९ मध्ये हे छापून आलं. २०१४ मध्ये आणखी एक प्रकरण छापून आलं. १८व्या वर्षी मणका मोडलेल्या एका मुलीला तिच्याच नाकातलं वासाचं अस्तर मणक्यात बसवलं होतं. आठ वर्षांनी पाठ दुखायला लागली. उघडलं तर मज्जारज्जूत गाठ, गाठीत श्वसनमार्गाचं अस्तर आणि घट्ट शेंबूड. पेशींना कुठे ठेवलंय हे कळत नाही, त्या आपलं माहीत असलेलं काम करत राहतात.

म्हणून घरात कुणी ‘स्टेम सेलचं इंजेक्शन घेऊ का’ असं विचारत असेल, तर आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना बघा. रक्ताच्या काही आजारांतलं मज्जा-प्रत्यारोपण सोडलं तर बाकीचे मूळपेशी-उपचार रीतसर संशोधन-चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल) व्हावेत, असं त्यात आहे. चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत. कुणी पॅकेज सांगत असेल, तर ती चाचणी नव्हे.

भाचीपुरतं सांगायचं तर ज्या कॉलेजात सर्जरीचं काम भरपूर आणि इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (वरचं इम्युनोस्टेनिंग तेच) रोज चालते, ते निवडा. काचा स्कॅन करून संगणकावर मोजमाप करणं तिने रेसिडेन्सीतच शिकावं, कारण ‘चांगलं भरलंय’ असं लिहून आता भागत नाही, किती टक्के ते लागतं. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत प्रायोगिक पॅथॉलॉजी हा वेगळा विभागच आहे. शरीरात बसवायच्या पदार्थाभोवती ऊती कशा वागतात ते तिथे काचेवर पाहतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत बुबुळाच्या मूळपेशींचं काम जुनं आहे, वेल्लोरला मूळपेशी केंद्र आहे, आणि पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरला त्वचापेढी आहे, जमलं तर तीही बघून यावी.

आणि लॅबचं म्हणाल तर टाकू दे की. फक्त रक्त तपासायच्या ॲनालायझरच्या आधी मायक्रोटोम घे म्हणावं.