कमी मिथेन सोडणाऱ्या गायी पैदाशीतून मिळतात का? दूध घटतं का? असं सीमेन आपल्याकडे लावावं का?

मिळतात, आणि निवड नीट केली तर दूध घटत नाही. ‘कमी मिथेन म्हणजे कमी खाणारी, म्हणजे कमी दुधाची गाय’ हे ऐकून कान किटलेत. नुसते मिथेनचे दिवसाचे ग्रॅम बघून निवड केली तरच ते खरं ठरतं. किलोभर कोरड्या चाऱ्यामागे साधारण २० ग्रॅम मिथेन निघतो, मग कमी खाणारी गाय पुढे येणारच. लिटरमागे ग्रॅम धरलेत तर मिथेनच्या नावाखाली परत दुधाचीच निवड होते.

कॅनडात लॅक्टानेट या दूध नोंदणी आणि आनुवंशिक मूल्यमापन करणाऱ्या संस्थेनं एप्रिल २०२३ मध्ये होल्स्टीनसाठी आणलेल्या मिथेन निर्देशांकातून दूध, फॅट, प्रथिनांचा परिणाम आधीच बाजूला काढलाय. १०० म्हणजे सरासरी. जास्त गुण म्हणजे कमी गॅस, बरेच जण हे उलटं वाचतात. वळूचे ५ गुण जास्त तर त्याच्या मुलींमागे वर्षाला सुमारे ३ किलो मिथेन कमी. गाय दिवसाला ४००-५०० ग्रॅम सोडते, त्यापुढे हे किरकोळच. पण आनुवंशिकता, म्हणजे गायीगायींतल्या फरकात जनुकांचा वाटा, २३ टक्के आहे आणि फरक पिढीगणिक साठत जातो.

खरी मेख मोजण्यात आहे. पहिलारू गाय, वेताचे १२० ते १८५ दिवस, ग्रीनफीड यंत्र. गाय पेंडीच्या गोळ्यांसाठी तोंड घालते, पंखा तिच्या ढेकरांची हवा ओढतो. ती किमान ३ मिनिटं टिकायला हवी. डोकं मागे घेतलं की हवा निसटते आणि आकडा खोटा कमी येतो. वारा असला तरी तेच. सगळ्या भेटी चाऱ्यानंतरच्या असल्या तर आकडा फुगतो, म्हणून रात्रीच्याही भेटी लागतात. हजारो गायींवर हे परवडत नाही, म्हणून दूध नोंदणीच्या नमुन्यावर इन्फ्रारेड किरण टाकून अंदाज बांधतात. कोटीपोटात ॲसिटेट तयार होताना हायड्रोजन सुटतो, त्यातून मिथेन बनतो; तेच ॲसिटेट कासेत फॅटमध्ये उतरतं. दुधात गॅसचा माग सापडतो तो असा.

आपल्याकडे अडतं इथेच. नियमित दूध नोंदणी मोजक्याच गोठ्यांत, आणि तो निर्देशांक होल्स्टीनचा. गीर किंवा जर्सी संकरितला तो लावू नका. एचएफ (होल्स्टीन) संकरितला लावायचं तर आधी फॅट, कास, खूर, प्रसूतीची सुलभता बघा. दोन वळू तुल्यबळ असतील तेव्हाच मिथेनचे गुण मोजा. कार्बन क्रेडिटचे, म्हणजे गॅस कमी केल्याबद्दल मिळू शकणारे पैसे हिशोबात धरूच नका.

मिथेन घटवणारं पूरक खाद्य विकणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे: पोतं संपलं की त्यांचा परिणामही संपतो. तरी घाई असेल तर त्यांचंच ऐका, हे मान्य. बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेच्या ‘हरित धारा’ या पूरक खाद्यानं १७ ते २० टक्के घट दाखवलीय. आणि त्याहीआधी उलटणाऱ्या, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहणाऱ्या गायी बघा. भाकड गायही रोज ढेकर देतेच, फक्त तो गॅस वाटून घ्यायला एक लिटरही दूध नसतं.